मेजरसाहेबांचं घर

सावेडीतल्या सुकन्याबाईंच्या घराचा वरचा मजला उन्हाळ्यात रिकामा झाला आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने, हर्षलने, तिथूनच मोबाईलवर जाहिरात टाकून दिली. दिवाळीत आला होता तेव्हा काढलेले फोटो त्याच्याकडे होतेच. गावाचं नाव 'अहिल्यानगर' असं आलं, भाड्याचा आकडा आला आणि संपर्काला नंबर आला तो आईचा. मला दिवसभर मीटिंगा असतात, तुला वेळ असतो, असं त्याचं म्हणणं. फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं की भाडेकरू कसे हवेत असाही एक रकाना आहे, त्यात काय टाकू. सुकन्याबाईंचे यजमान बिभीषणराव पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली न करताच सांगितलं, "टाक शाकाहारी फॅमिली. मागनं कटकट नको."

बिभीषणराव साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे श्रीगोंद्याकडचे. त्यांच्या स्वतःच्या घरात दर रविवारी मटण शिजायचं. पण हा विरोधाभास त्या वेळी त्यांच्या ध्यानात आला नाही, आणि खरं सांगायचं तर सुकन्याबाईंच्याही आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. पाणी किती वेळ येतं, गाडी कुठे लावायची, भाडं कमी होईल का, असं लोक विचारतील अशी सुकन्याबाईंची कल्पना होती. तसे काही फोन आलेही, पण बाकीचे ऐकून त्या चकित होत गेल्या. एका माणसाला घर नकोच होतं. फोटोतल्या खिडकीची जाळी कोणाकडून करून घेतली, एवढंच त्याला हवं होतं. एक बाई पाव तास बोलली, तिला घर फार आवडलं, आणि शेवटी कळलं की तिला उल्हासनगर हवं होतं. एक जण नुसती गच्ची भाड्याने मागत होता, कबुतरांसाठी. एका गृहस्थांनी विचारलं, घरात कोणी वारलं आहे का. सुकन्याबाईंनी खरं तेच सांगितलं, की सासूबाई वारल्या, पण म्हातारपणी, झोपेत. त्यावर ते समाधानाने म्हणाले, मग वास्तू चांगली आहे. ते परत कधी बोलले नाहीत.

बिभीषणराव वैतागले होते. सुकन्याबाईंना मात्र मजा येत होती. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून झाली होती. ट्रंक कॉलच्या काळात समोरच्या बोर्डावर वायरी खुपसून त्यांनी सगळ्या जिल्ह्याला बोलतं केलं होतं. माणसाचं तोंड न बघता तो कसा असेल याचा अंदाज बांधायची सवय तिथे लागली, आणि ती सवय निवृत्तीनंतर इतकी वर्षं रिकामी पडून होती. आता रोज नवे आवाज घरबसल्या येत होते.

त्यातच एक दिवस मेजर करण यांचा फोन आला.

मेजरसाहेब हिंदीत बोलत होते. सध्या पोस्टिंग जम्मूला आहे, नगरला बदली झाली आहे, कुटुंब आधी येईल, मी मागून येईन. नगरात लष्कराची ये-जा नेहमीचीच, भिंगारकडे जाणाऱ्या रस्त्याला रोज हिरव्या गाड्या दिसतात, त्यामुळे सुकन्याबाईंना यात वावगं काही वाटलं नाही. माणूस अदबशीर होता. भाडं कमी करा म्हणाला नाही, घर बघायला येतो म्हणाला नाही. त्याने आपलं ओळखपत्र पाठवलं, गणवेशातला फोटो पाठवला. मग कुटुंबाला दाखवायला आणखी फोटो मागितले. सुकन्याबाईंनी वर जाऊन स्वयंपाकघर, न्हाणीघर, मागची बाल्कनी असे सगळे फोटो काढले आणि पाठवले. मग साहेबांना लाईट बिलाची प्रत हवी झाली. ऑफिसात पत्ता दाखवावा लागतो, असं कारण दिलं. तीही गेली.

तिसऱ्या फोनला त्यांनी सांगितलं की डिपॉझिट पाठवतो, पण लष्कराची पद्धत वेगळी आहे. मी एक कोड पाठवतो, तो तुम्ही स्कॅन करा आणि तुमचा पिन टाका, म्हणजे पैसे तुमच्याकडे येतील. इथे सुकन्याबाई थबकल्या. पैसे यायला माझा पिन कशाला, असं त्यांनी विचारलं. साहेब समजावून सांगू लागले. ते समजावत असताना त्यांच्या मागे कुठून तरी आणखी एक आवाज सुकन्याबाईंना ऐकू आला. तोही हिंदीत, तितक्याच अदबीने, दुसऱ्या कोणाला तरी हेच सांगत होता. लष्कराची पद्धत वेगळी आहे. सुकन्याबाईंनी फोन ठेवून दिला.

संध्याकाळी त्यांनी हे सगळं यजमानांना सांगितलं. बिभीषणराव सहसा कौतुक करत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी शेजारच्यांनाही बोलावून ऐकवलं. आपण वाचलो याच आनंदात दोघे होते. फोटो आणि लाईट बिल गेलंय, ते परत आलेलं नाही, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

पुढे दोनेक आठवड्यांनी, रविवारी सकाळी, घरासमोर टेम्पो येऊन थांबला. बिभीषणराव मटण आणायला गेले होते. सुकन्याबाई फाटकाशी आल्या तेव्हा टेम्पोत कपाट, गाद्या, सायकल, पिंपं असा संसार दोरांनी बांधलेला दिसला. टेम्पोमागून मोटारसायकलवर एक तिशीतलं जोडपं आलं होतं. ड्रायव्हरच्या शेजारी एक म्हातारी बाई मांडीवर चादरीत गुंडाळलेलं शिलाई मशीन घेऊन बसली होती.

मोटारसायकलवरच्या माणसाने हेल्मेट काढून नमस्कार केला आणि जवळ येऊन, शब्द तोडून, बऱ्याच मोठ्या आवाजात विचारलं, "काकू, वरची किल्ली तुमच्याकडंच हाय ना?"

सुकन्याबाईंनी विचारलं, कसली किल्ली. त्याने आणखी आवाज चढवला. आम्ही जामखेडहून आलोय, मेजरसाहेबांनी पाठवलंय, वरचा मजला आम्ही घेतलाय. सुकन्याबाईंनी सांगितलं, की एवढं ओरडू नका, मला चांगलं ऐकू येतं. तेव्हा तो ओशाळला. मागून त्याची बायको पुढे आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "माफ करा हां. साहेब बोलले, खाली घर सांभाळणाऱ्या बाई आहेत, त्यांना ऐकायला कमी येतं आणि त्या जरा तापट आहेत."

सुकन्याबाईंना हसावं की रडावं कळेना. आयुष्यभर कानाला हेडफोन लावून नोकरी केली, आणि आपल्याच घरात आपण बहिऱ्या राखणदार होऊन बसलो. त्यांनी दोघांना आत बोलावलं. म्हातारीलाही बोलावलं, पण ती टेम्पोतून उतरायला तयार नव्हती. घर नक्की आपलं आहे हे कळल्याशिवाय मी पाय खाली ठेवणार नाही, असं तिने सांगितलं.

तो दिलावर. जामखेडला फ्रीज आणि एसी दुरुस्त करायचा, आता एमआयडीसीतल्या एका कंपनीत लागला होता. ती शबनम, नर्स, नगरच्या एका दवाखान्यात नोकरी मिळालेली. टेम्पोतली त्याची आई, शरिफा. शबनमला रोज एसटीने जामखेड-नगर करणं झेपेना, म्हणून घर हवं होतं. तिने मोबाईल पुढे केला. सुकन्याबाईंनी चष्मा लावून पाहिलं. त्यांचंच घर होतं. त्यांनी स्वतः काढलेले फोटो होते, एका फोटोत आरशात त्यांचा पदरही दिसत होता. खाली मालक म्हणून मेजर करण. भाडं मात्र हर्षलने टाकलं होतं त्याहून कमी. आणि खात्री पटावी म्हणून साहेबांनी या दोघांना लाईट बिल पाठवलं होतं. बिलावर नाव बिभीषणरावांचं. ते माझे काका, घर माझ्या वाट्याचं, असं त्याने सांगितलं होतं.

शबनमने सांगितलं की आम्ही नुसतं फोनवर विश्वास ठेवला नाही. एकदा ड्यूटी संपल्यावर दोघं येऊन समोरच्या फुटपाथवरून घर बघून गेलो. घर खरं होतं, बाल्कनी खरी होती, वरचा मजला बंद होता. मग दोन महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिट भरून टाकलं.

हे चाललेलं असतानाच बिभीषणराव परतले. हातात काळी पिशवी, दारात टेम्पो, सोप्यात अनोळखी माणसं. सगळं ऐकून घेईपर्यंत त्यांचा चेहरा लाल झाला. ते दिलावरलाच बोलू लागले, की शिकली-सवरलेली माणसं तुम्ही, मालकाला न भेटता पैसे भरताच कसे. खरी जाहिरात त्याच साईटवर होती, नंबरसकट. ती दिसली नाही का.

 शबनमने उत्तर दिलं.

"दिसली होती, काका. आधी तुमचीच दिसली. पण त्यात शाकाहारी फॅमिली लिहिलं होतं. त्याचा अर्थ आम्हाला कळतो, म्हणून फोन नाही केला. मग तेच घर दुसऱ्या जाहिरातीत आलं, त्यात अट नव्हती. वाटलं, घरातल्या दोघांची मतं वेगळी असतील."

ती चिडून बोलली नव्हती. ड्यूटीवर पेशंटच्या नातेवाइकाला समजवावं तशी बोलली. बिभीषणरावांनी हातातली काळी पिशवी पाहिली आणि ती हळूच पाठीमागे घेतली. मग ते स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

दिलावर सकाळपासून मेजरला फोन लावत होता, पण तो उचलत नव्हता. सुकन्याबाईंना एक कल्पना सुचली. त्यांनी यजमानांचा मोबाईल घेतला आणि जाहिरातीतला नंबर लावला. नवा नंबर बघून फोन लगेच उचलला गेला.

"हां, मेजर करण."

आवाज तोच होता. बोलण्याआधी एक लहानसा श्वास घ्यायचा, तोही तसाच. त्याने ओळखू नये म्हणून सुकन्याबाई पाथर्डीच्या आपल्या माहेरच्या बोलीत शिरल्या. "जाहिरात बघितली म्या. घर रिकामं हाय का अजून?"

या वेळी साहेब मराठी बोलले, आणि चांगलं बोलले. घर रिकामं आहे, जामखेडची एक पार्टी येणार होती पण त्यांचं रद्द झालं. सुकन्याबाईंनी फोन स्पीकरवर टाकला होता. दिलावर जागच्या जागी उठून उभा राहिला, त्याला शबनमने हाताला धरून खाली बसवलं.

घर कसं आहे ते सांगा, असं सुकन्याबाईंनी म्हटलं. आणि मग त्यांना त्यांचंच घर ऐकायला मिळालं. आमच्या आईने बांधून घेतलेलं घर आहे, तो सांगत होता. ओट्यामागच्या हिरव्या टाईल्स आईने स्वतः दुकानात जाऊन निवडल्या. खरं म्हणजे त्या टाईल्स बिभीषणरावांनी स्वस्तात मिळाल्या म्हणून उचलून आणल्या होत्या आणि सुकन्याबाईंना त्या कधीच आवडल्या नव्हत्या. मागच्या बाल्कनीत कढीपत्त्याची कुंडी आहे, तिला पाणी घालत जा, एवढीच माझी अट. न्हाणीघराचं दार पावसाळ्यात जरा फुगतं, वर उचलून लावावं लागतं. सुकन्याबाईंनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. दाराचा खालचा कोपरा घासलेला फोटोत दिसत असणार.

राग येण्याऐवजी त्यांना भलतंच कुतूहल वाटू लागलं. आपल्या घराकडे इतकं निरखून आजवर कोणी पाहिलं नव्हतं. हर्षलने तर नक्कीच नाही.

"सकाळचं ऊन येतं का वो वर?" त्यांनी विचारलं.

"येतं ना. मधल्या खोलीत. दिवाळीच्या दिवसांत पार समोरच्या भिंतीपर्यंत."

हे तंतोतंत खरं होतं. हर्षलच्या फोटोच्या कोपऱ्यात आकाशकंदिलाची झिरमिळी दिसत होती, त्यावरून त्याने महिना ताडला असावा.

"आई कुठं असतेत आता तुमच्या?"

 तो म्हणाला, गावाकडे असते. हे सांगतानाचा आवाज मेजरचा नव्हता, त्याच्यापेक्षा बराच लहान होता. कुठलं गाव, असं त्यांनी विचारताच तो पुन्हा मेजर झाला. डिपॉझिटचं बोला, आणखी दोघं मागे लागलेत. सुकन्याबाईंनी पैसे कुठे भरायचे ते पाठवायला सांगितलं. लगेच मोबाईलवर कोड आला, त्याखाली कुठल्या तरी अनोळखी माणसाचं नाव. दिलावरला त्याने दिलेलं खातं वेगळं होतं. शबनमने तो कोड आपल्या मोबाईलवर घेतला आणि मान हलवून खूण केली, की मिळालं.

आता फोन ठेवायला हरकत नव्हती. पण सुकन्याबाईंच्याने राहवेना. त्यांनी पाथर्डीची बोली सोडून दिली.

"मी त्याच घरातून बोलतेय. कढीपत्ता माझा आहे."

फोन कट होईल असं सगळ्यांना वाटलं, पण झाला नाही. मागे इतर आवाजांची गुणगुण ऐकू येत होती.

"जामखेडची माणसं माझ्या दारात टेम्पो घेऊन उभी आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांना तुम्ही एका फोनमध्ये हो म्हणालात. काय खाता, हेही न विचारता."

"आम्ही कोणालाच नाही म्हणत नाही, मावशी," तो म्हणाला. त्यात चेष्टा नव्हती. दुकानदाराने दुकानाची पद्धत सांगावी तसं सांगितलं आणि फोन ठेवला.

 मग शबनमने सायबर हेल्पलाईनला फोन लावला. खात्यांची नावं, भरलेली रक्कम, वेळ, सगळं ती शांतपणे सांगत होती. दिलावर बाहेर जाऊन आईला समजावू लागला. टेम्पोवाला मच्छिंद्र भला माणूस होता, पण त्याला दुपारी मार्केट यार्डातून माल भरायचा होता. सामान कुठे उतरवू, हे त्याने दोनदा विचारलं. परत जामखेडला न्यायचं तर तिथली खोलीही त्यांनी सोडलेली होती.

सुकन्याबाई यजमानांशी बोलायला आत गेल्या, तर स्वयंपाकघरात ते नव्हते. पिशवी ओट्यावर, खिळ्यावरची वरच्या मजल्याची किल्ली नाहीशी. मग डोक्यावर खिडक्या उघडल्याचा आवाज आला. बिभीषणराव एकेक खिडकी उघडत होते, महिनाभर बंद राहिल्याने त्या घट्ट बसल्या होत्या. बाल्कनीत येऊन त्यांनी खाली मच्छिंद्रला हाक मारली.

"कपाट आधी आण वर. जिन्यात वळान अवघड हाय, आडवं धरावं लागंल." मग दिलावरकडे न बघता म्हणाले, "घर मिळंस्तवर राहा. रस्त्यावर का ठेवायचं सामान."

तेव्हा शरिफाबाई टेम्पोतून उतरल्या. मशीन दुसऱ्या कोणाच्या हातात न देता त्यांनी स्वतः वर नेलं, खोल्या पाहिल्या, नळ सोडून पाहिला, स्वयंपाकघरात उभ्या राहून टाईल्सवरून हात फिरवला आणि रंग झकास आहे असा शेरा दिला. हे ऐकून बिभीषणरावांचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदा सैल झाला. दुपारी सुकन्याबाईंनी जेवण वर पाठवलं. शरिफाबाईंनी आधी विचारलं, मटण कुठल्या दुकानातलं. बिभीषणरावांनी दुकान सांगितलं. ते शरिफाबाईंच्या भाचीच्या दिराचं निघालं. मग सगळे जेवले.

दुसऱ्या दिवशी सुकन्याबाई त्या दोघांबरोबर सायबर पोलीस ठाण्यात गेल्या. तिथल्या अधिकाऱ्याने नीट ऐकून घेतलं. अशा तक्रारी रोजच्या आहेत, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. लगेच फोन केला म्हणून थोडी रक्कम पुढच्या खात्यात अडकवता आली होती, बाकीची निघून गेली होती. खातं परराज्यातल्या एका मजुराचं होतं. त्याने चार पैशांसाठी आपलं पासबुक कोणाला तरी वापरायला दिलेलं. मेजर कोण, कुठे बसतो, हे सांगता येणार नाही, असं अधिकारी म्हणाला. तो आपल्याच भागातला वाटतो, असं सुकन्याबाईंनी सांगून पाहिलं. कशावरून, असं त्याने विचारलं. बोलण्यावरून, म्हटल्यावर त्याने ते लिहून घेतलं नाही.

मग घरशोध सुरू झाला. शबनम दिवसभर ड्यूटीवर, दिलावर कंपनीत, म्हणून फोन करायचं काम सुकन्याबाईंनी आपणहून घेतलं. आता त्या बोर्डाच्या दुसऱ्या बाजूला होत्या. समोरची माणसं मोकळेपणाने बोलायची. घर हवेशीर आहे, पाणी भरपूर, आजच बघून जा. मग विचारायची, फॅमिली कोणती, नाव काय. सुकन्याबाई नाव सांगायच्या. त्यानंतर लाईनवर जी शांतता यायची ती त्या चांगली ओळखू लागल्या. कोणी वाईट बोलायचं नाही. घरी विचारून सांगतो. पुतण्यालाच द्यायचं ठरतंय. एकाने सांगितलं, आमच्याकडे शाकाहारीच लागतात. हा गृहस्थ बिभीषणरावांच्या कारखान्यातला जुना सहकारी होता, आणि त्याच्या मुलाच्या लग्नात दोघे बोकडाचं जेवण जेवून आले होते.

तो फोन स्पीकरवर होता. बिभीषणराव चहा पीत होते. बशी खाली ठेवून त्यांनी हर्षलला फोन लावायला सांगितलं.

"ती जाहिरात काढून टाक," ते मुलाला म्हणाले.

हर्षलने विचारलं, भाडेकरू मिळाले का. मिळाले, असं त्यांनी सांगितलं. कोण आहेत, या प्रश्नाला, वरच राहत्यात, एवढंच उत्तर दिलं आणि फोन बायकोच्या हातात देऊन ते बागेला पाणी घालायला गेले. शबनमला मात्र त्यांनी स्वतः सांगितलं नाही. ते काम सुकन्याबाईंना करावं लागलं. शबनमने लगेच हो म्हटलं नाही. तिने एक दिवस मागून घेतला, नवऱ्याशी आणि सासूशी बोलली, आणि मग विचारलं की करार रीतसर होईल ना, उद्या कोणी काही म्हटलं तर तुम्ही मागे हटणार नाही ना. सुकन्याबाईंना हे विचारणं आवडलं. करार रीतसर झाला.

मेजरच्या जाहिरातीवरून आणखी काही माणसं फाटकापर्यंत आली. पारनेरचा एक माणूस मुलाच्या कॉलेजसाठी खोली बघत आला होता, पैसे भरायच्या आत पोचला म्हणून वाचला. एक नवं लग्न झालेलं जोडपं मात्र पैसे भरून आलं. ती मुलगी पायरीवर बसून रडली. शरिफाबाईंनी तिला वर नेऊन पाणी दिलं, आणि दिलावर त्या दोघांना घेऊन पोलिसांकडे गेला. रस्ता आता त्याला पाठ झाला होता. पुढे ती जाहिरात नाहीशी झाली. अडकलेले पैसे कोर्टाच्या आदेशाने थंडीच्या दिवसांत दिलावरच्या खात्यात आले. गेलेले काही आले नाहीत.

सुकन्याबाईंना मात्र चाळा लागला होता. दुपारी बिभीषणराव लवंडले, की त्या चष्मा लावून नगरमधली भाड्याची घरं बघत बसायच्या. कोणाच्या खिडकीत काय ठेवलंय, कोणी पडदे कसले लावलेत, हे बघता बघता त्यांना मेजरची वाक्यं शोधायची सवय लागली, कारण त्याच्या बोलण्यासारखीच त्याच्या लिहिण्याचीही एक ढब होती. आणि एके दिवशी सापडलं. बैठं घर, पुढे फरशीचं अंगण, बाजूला सीताफळाचं झाड. मालक मेजर नव्हते, बँकेतले साहेब होते, बदली झालेले. पण लिहिणारा तोच होता. न्हाणीघराचं दार जरा उचलून लावावं लागतं, हेसुद्धा त्याने तसंच ठेवलं होतं.

संध्याकाळी त्यांनी ते शबनमला दाखवलं. शबनमने फोटो मोठा करून पाहिला, तर अंगणापलीकडे पिठाच्या गिरणीच्या पाटीचा अर्धा भाग दिसत होता. ही गिरणी केडगावची, तिने ओळखलं. तिच्या दवाखान्यातली एक आया तिथेच दळण टाकायची.

सुट्टीच्या दिवशी दोघी शबनमच्या स्कूटीवरून केडगावला गेल्या. गिरणीशेजारी घर मिळालं. अंगणात एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसून मेथी निवडत होते. फाटकावर नाव होतं कानिफनाथ, आडनावाची अक्षरं पुसून गेलेली. सुकन्याबाईंनी बाहेरूनच विचारलं, घर भाड्याने द्यायचंय का.

"न्हाई बा," ते म्हणाले. "आमीच राहतो की हितं. कुनी सांगितलं तुमाला?"

सुकन्याबाई फाटक उघडून आत गेल्या, पायरीवर बसल्या आणि शबनमच्या हातातून मोबाईल घेऊन त्यांना एकेक फोटो दाखवू लागल्या. म्हाताऱ्यांनी मेथीचे हात धोतराला पुसले. आपलं अंगण ओळखलं, आपला फ्रीज ओळखला. तो पोरीनं मोबाईलवर टाकून विकला मागं, फोटो तिनंच काढलेले, असं ते म्हणाले. मग सुकन्याबाईंनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी मध्ये कुठे अडवलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी मोबाईल आपल्या हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला.

"भाडं किती लिव्हलंय खाली?"

शबनमने आकडा वाचून दाखवला.

म्हातारे खुर्चीत मागे वळले आणि आपल्या घराकडे, ओसरीपासून पत्र्यापर्यंत, पहिल्यांदाच बघावं तसं बघत राहिले.

"एवढं येतं व्हय ह्याला?" ते म्हणाले, आणि आतल्या बायकोला बाहेर यायला हाक मारली.